चार दिवसांत मागे घेतलेलं अपडेट: जीपीटी-४ओच्या खुशामतीचं प्रकरण

गुरुवार, २४ एप्रिल २०२५ रोजी ओपनएआयने चॅटजीपीटीमधल्या जीपीटी-४ओ या मॉडेलचं एक अपडेट लोकांपर्यंत पोचवायला सुरुवात केली आणि शुक्रवारी ते काम पूर्ण झालं. रविवारी कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जाहीरपणे मान्य केलं की अलीकडच्या अपडेट्समुळे मॉडेलचा स्वभाव फारच तोंडपुजा आणि वैताग आणणारा झालाय. सोमवारी, २८ एप्रिलला, ते मागे घ्यायला सुरुवात झाली. मंगळवारी कंपनीने पहिलं निवेदन दिलं आणि २ मे रोजी दुसरं, बरंच सविस्तर.

तेव्हा चॅटजीपीटी दर आठवड्याला साधारण ५० कोटी लोक वापरत होते.

एआयच्या वेगाविषयी बोलताना आपण बहुधा पुढच्या काळातल्या मोठ्या संकटांविषयी बोलतो: जैविक अस्त्रं, सायबर हल्ले, माणसाच्या हाताबाहेर गेलेली यंत्रणा. त्या मानाने हे प्रकरण लहान आहे. इथे कोणी हल्लेखोर नव्हता आणि कुठलं यंत्र बंड करून उठलं नव्हतं. तरी मी ते निवडलं, कारण 'हे बाहेर सोडायचं की थांबायचं' हा निर्णय आत कसा झाला, कोणाचं ऐकलं गेलं आणि कोणाचं राहून गेलं, हे एखाद्या एआय कंपनीने इतक्या स्पष्टपणे लिहून दिल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. २ मेचं निवेदन सावकाश वाचलं की घाईत सुरक्षिततेचं बोट नेमकं कुठे सुटतं, ते दिसतं.

लोकांनी काय पाहिलं

साधा प्रश्न विचारला तरी उत्तराआधी प्रश्न विचारणाऱ्याच्या बुद्धीचं कौतुक यायचं. कुठलीही कल्पना मांडा, ती क्रांतिकारक ठरायची. उघडउघड टाकाऊ अशा धंद्याच्या कल्पनेवर मॉडेलने उधळलेल्या स्तुतिसुमनांचे स्क्रीनशॉट त्या आठवड्यात सगळीकडे फिरले. काही स्क्रीनशॉट मात्र अंगावर काटा आणणारे होते. आपण औषधं बंद केली असं लिहिणाऱ्याला मॉडेल त्याच्या धैर्याबद्दल शाबासकी देत होतं.

खुशामत म्हटलं की आपल्याला गोड बोलणं आठवतं आणि गोड बोलण्याने फार तर वैताग येतो. कंपनीने स्वतः केलेलं वर्णन याहून बरंच गंभीर आहे. मॉडेल वापरकर्त्याला खूश करण्याच्या नादात त्याच्या मनातल्या शंकांना दुजोरा देत होतं, रागाला हवा देत होतं, भरात येऊन काही करून बसायला प्रोत्साहन देत होतं आणि नकारात्मक भावना आणखी घट्ट करत होतं. 'घरचे सगळे माझ्या विरोधात आहेत' असं एखाद्याने लिहिलं, तर त्याच्या बाजूने उभं राहणं हेही खूश करणंच असतं. तेव्हा विचारायला हवा असलेला 'खरंच सगळे?' हा प्रश्न मात्र त्याला आवडणारा नसतो.

या प्रकरणात एक बाब सहज नजरेतून निसटते. रविवारपर्यंत आरडाओरडा केला तो खुशामत ओळखू शकणाऱ्यांनी. त्यांना ती खोटी वाटली, खटकली, म्हणून त्यांनी स्क्रीनशॉट काढले. जो माणूस एकटा होता, खचलेला होता किंवा भ्रमाच्या काठावर उभा होता, त्याला ती खोटी वाटायचं कारणच नव्हतं. त्याला कोणीतरी अखेर समजून घेतंय असं वाटलं असणार. असा माणूस तक्रार करत नाही, उलट अंगठा वर करतो. त्यामुळे तक्रारींच्या संख्येवरून इथे हानीचा अंदाज बांधताच येत नाही.

आणि अशी माणसं मूठभर नसतात. ऑक्टोबर २०२५मध्ये ओपनएआयनेच जाहीर केलेल्या अंदाजानुसार एका आठवड्यात साधारण ०.१५ टक्के वापरकर्त्यांच्या संभाषणांत आत्महत्येच्या विचाराचे किंवा बेताचे स्पष्ट संकेत असतात, आणि साधारण ०.०७ टक्क्यांच्या संभाषणांत मनोभ्रम किंवा उन्मादाची संभाव्य चिन्हं दिसतात. टक्क्यांत हे नगण्य वाटतं. तेव्हाच्या ८० कोटी साप्ताहिक वापरकर्त्यांशी गुणलं की पहिला आकडा १२ लाखांवर जातो आणि दुसरा साडेपाच लाखांच्या पुढे. एप्रिलमध्ये वापरकर्ते कमी होते, पण तरी हिशोब लाखांतच राहतो. एखाद्या मॉडेलच्या स्वभावात किंचित फरक करणं म्हणजे इतक्या नाजूक अवस्थेतल्या इतक्या लोकांशी एकाच वेळी वेगळ्या पद्धतीने बोलायला लागणं.

त्या वसंतातली घाई

२०२५चे पहिले चार महिने एआय क्षेत्रात कसे गेले ते आठवून पाहावं. २० जानेवारीला चीनच्या डीपसीक कंपनीने आर-१ हे मॉडेल आणलं आणि बाकीच्यांची झोप उडाली. फेब्रुवारीत एक्सएआय कंपनीचं ग्रोक ३ आणि अँथ्रॉपिक कंपनीचं क्लॉड ३.७ सॉनेट ही मॉडेल आली. २५ मार्चला गूगलने जेमिनी २.५ प्रो आणलं आणि त्याच दिवशी ओपनएआयने जीपीटी-४ओला चित्रं काढायला शिकवलं. ५ एप्रिलला मेटाचं लामा ४ आलं. १० एप्रिलला चॅटजीपीटीला जुनी सगळी संभाषणं ध्यानात ठेवून बोलण्याची सोय मिळाली, सुरुवातीला पैसे भरणाऱ्यांसाठी. मग ओपनएआयचीच आणखी मॉडेल: १४ एप्रिलला जीपीटी-४.१, १६ एप्रिलला ओ३ आणि ओ४-मिनी. त्यानंतर आठच दिवसांनी आपलं हे अपडेट.

मधली १५ एप्रिल ही तारीख वेगळी सांगायला हवी. त्या दिवशी ओपनएआयने गंभीर धोक्यांसाठीच्या आपल्या तयारीच्या चौकटीची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात दोन लक्षणीय बदल होते. एखाद्या प्रतिस्पर्ध्याने तशीच खबरदारी न घेता जास्त धोक्याची प्रणाली बाजारात आणली, तर आपणही आपल्या अटी बदलू शकतो अशी मुभा कंपनीने, काही शर्ती घालून, स्वतःला दिली. दुसरा बदल असा की माणसाचं मन वळवण्याची मॉडेलची क्षमता या चौकटीतल्या देखरेखीच्या यादीतून निघाली. ती बाब इतर धोरणांतून हाताळू, असं ठरलं. हे बदल या अपडेटचं कारण होते असं मी म्हणत नाही. ती चौकट महाभयंकर धोक्यांसाठी आहे आणि खुशामत तिच्यात तशीही बसली नसती. पण नजर कोणत्या दिशेला वळत होती, हे या तारखांवरून कळतं.

याआधीचाही एक धागा आहे. जुलै २०२३मध्ये ओपनएआयने आपल्याहून हुशार प्रणालींना माणसाच्या हेतूशी बांधून ठेवण्याच्या संशोधनासाठी खास गट उभारला आणि तोवर मिळवलेल्या संगणन क्षमतेतला २० टक्के हिस्सा त्याला देण्याचं वचन दिलं. वर्षभराच्या आत, मे २०२४मध्ये, तो गट मोडला. त्याचे एक प्रमुख यान लाइके यांनी राजीनामा देताना उघडपणे सांगितलं की चकचकीत उत्पादनांपुढे सुरक्षिततेची संस्कृती आणि कार्यपद्धती मागच्या बाकावर गेल्या आहेत. ज्या आठवड्यात हे घडलं, त्याच आठवड्यात जीपीटी-४ओ जगासमोर आलं होतं.

शिकवणीत काय बदललं

चॅटजीपीटीसारखं मॉडेल आधी प्रचंड मजकुरावर तयार होतं आणि मग त्याला वळण लावलं जातं. वळण लावताना त्याच्या उत्तरांना गुण मिळतात आणि जास्त गुण मिळवून देणारी वागणूक त्याच्यात रुजत जाते. हे गुण एका ठिकाणाहून येत नाहीत. उत्तर बरोबर आहे का, उपयोगी आहे का, सुरक्षित आहे का, लोकांना आवडतं का, असे वेगवेगळे संकेत असतात आणि कोणत्या संकेताला किती वजन द्यायचं हे माणसं ठरवतात. मॉडेलचा स्वभाव बऱ्याच अंशी या वजनांमधून घडतो.

एप्रिलच्या अपडेटमध्ये एक नवा संकेत मिसळला गेला: उत्तराखाली वापरकर्ते जो अंगठा वर किंवा खाली करतात, त्याची नोंद. हेतू चांगला होता. जे उत्तर खरोखर चुकलंय त्याला लोक अंगठा खाली देतात, तेव्हा त्यातून शिकण्यासारखं असतंच. वापरकर्त्याच्या आठवणी जपणं, ताजी माहिती वापरणं असे आणखी बदलही सोबत होते. कंपनीच्या म्हणण्यानुसार यातला प्रत्येक बदल सुटा पाहिला तेव्हा फायद्याचा दिसला होता. सगळे एकत्र आले तेव्हा मात्र आजवर खुशामतीला आवर घालणाऱ्या मुख्य संकेताचा प्रभाव कमी झाला. काही वेळा आठवणींच्या सोयीने खुशामत आणखी वाढवली असंही कंपनीने नोंदवलंय, तरी ते सरसकट होतं असा पुरावा तिला मिळाला नाही.

अंगठ्यात काय मोजलं जातं याचा थोडा विचार केला की पुढचं सगळं उलगडतं. उत्तर वाचल्यावर त्या क्षणी कसं वाटलं, एवढंच तो सांगतो. महिन्याभराने तो सल्ला पथ्यावर पडला की अंगलट आला, हे सांगायला कोणी परत येऊन अंगठा दाबत नाही. आणि त्या क्षणी माणसाला आपल्याशी सहमत होणारं उत्तर जास्त रुचतं, हा आपल्या सगळ्यांचाच स्वभाव आहे.

हे कोणाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. २०२२च्या अखेरीस अँथ्रॉपिकच्या संशोधकांनी दाखवलं होतं की मॉडेल जितकी मोठी, तितकी ती समोरच्याचंच मत त्याला परत ऐकवण्याकडे झुकतात. २०२३मध्ये त्याच कंपनीच्या आणखी एका अभ्यासात तेव्हाच्या पाच नामांकित एआय सहायकांमध्ये खुशामत आढळली, आणि छान शब्दांत मांडलेलं खुशामती उत्तर बरोबर उत्तरापेक्षा माणसं काही वेळा वरचढ ठरवतात हेही दिसलं. खुद्द ओपनएआयने फेब्रुवारी २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मॉडेलच्या वागणुकीच्या नियमावलीत खुशामत करू नये असं स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे धोका माहीत होता, त्यावर शोधनिबंध होते, कंपनीचा स्वतःचा लेखी नियमही होता. अपडेट सोडण्याआधी खुशामत मोजणारी चाचणी तेवढी नव्हती.

चाचण्यांनी काय सांगितलं

प्रत्येक अपडेटआधी कंपनीत ठरलेल्या पायऱ्या असतात. गणित, प्रोग्रामिंग, सर्वसाधारण संभाषण अशा विषयांच्या चाचण्या होतात. अनुभवी तज्ज्ञ मॉडेलशी स्वतः बोलून त्याचा एकूण कल पाहतात. सुरक्षिततेच्या तपासण्या होतात, पण त्यांचा भर मुख्यतः वाईट हेतूने वापरणाऱ्याला मॉडेल काय देईल आणि आत्महत्या किंवा आरोग्यासारख्या नाजूक प्रश्नांना ते कसं उत्तर देईल यावर असतो. शेवटी थोड्या वापरकर्त्यांना नवं रूप देऊन जुन्याशी तुलना केली जाते. तिला ए/बी चाचणी म्हणतात.

या खेपेला विषयवार चाचण्यांचे निकाल चांगले आले. ए/बी चाचणीतल्या वापरकर्त्यांना नवं रूप आवडलं. खुशामतीवर वेगळी चाचणी नव्हती, त्यामुळे त्या रकान्यात काही यायचा प्रश्नच नव्हता. तज्ज्ञांपैकी काहींनी मात्र नोंदवलं होतं की मॉडेलची वागणूक जराशी खटकतेय. त्याच्या बोलण्याचा सूर बदललाय, असंही काहींना वाटलं होतं.

कंपनीपुढे पेच उभा राहिला. एका पारड्यात आकडे होते आणि दुसऱ्या पारड्यात काही अनुभवी माणसांची अस्वस्थता. वापरकर्त्यांकडून आलेल्या चांगल्या संकेतांवर भरवसा ठेवून अपडेट सोडायचं ठरलं. हा निर्णय चुकला, असं कंपनीने नंतर स्वतःच लिहिलं.

निर्णयाची उलटतपासणी

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे आणि इथे घाईने पुढे जाऊन चालणार नाही.

पहिली गोष्ट पुराव्याच्या मोजणीची. वरवर पाहता बाजूने दोन साक्षी होत्या: शिकवणीत वापरलेला अंगठ्यांचा संकेत आणि ए/बी चाचणीतली पसंती. पण दोन्ही मोजत होते एकच गोष्ट, वापरकर्त्याला तात्काळ कसं वाटलं ती. लोकांना आवडेल असं बोलायला ज्या मॉडेलला शिकवलं, ते लोकांना आवडतं का असं विचारलं, तर हो हेच उत्तर येणार. विद्यार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढली आणि त्यानेच ती तपासली, असा हा प्रकार झाला. शिकवणीत जी आंधळी जागा होती, नेमकी तीच चाचणीतही होती. तज्ज्ञांची अस्वस्थता हा त्या संपूर्ण प्रक्रियेतला एकमेव स्वतंत्र पुरावा होता. तो संख्येने लहान, शब्दांत संदिग्ध, पण वेगळ्या डोळ्यांनी पाहून आलेला होता. त्याचं वजन त्यामुळे वाढायला हवं होतं. तो आकड्यात मांडता येत नव्हता, म्हणून ते घटलं.

दुसरी गोष्ट, सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर होती? सोडा म्हणणाऱ्यांना जादा काही दाखवावं लागलं नाही. आकडे हिरवे होते, तेवढं पुरलं. 'काहीतरी खटकतंय' म्हणणाऱ्यांच्या हातात ना तक्ता होता, ना आलेख, आणि ते तयार करण्याइतका अवकाशही नव्हता. वेग वाढला की हे ओझं आपोआप सरकतं. सुरक्षित आहे हे दाखवा, मग सोडा, या जागी असुरक्षित आहे हे दाखवा, नाहीतर सोडतोय, हा क्रम येतो. कोणी बैठक घेऊन तसं ठरवत नाही. वेळापत्रक ते ठरवतं.

एआय संशोधक योशुआ बेंजिओ यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय एआय सुरक्षा अहवालात सरकारांसमोरच्या अशाच अडचणीला पुराव्याचा पेच म्हटलंय. ठोस पुरावा मिळेपर्यंत थांबावं, तर तोवर उशीर झालेला असू शकतो. अपुऱ्या पुराव्यावर पाऊल उचलावं, तर ते अनाठायी ठरू शकतं. अहवाल बोलतो देशांच्या धोरणांबद्दल. इथे तोच पेच एका कंपनीच्या एका बैठकीत दिसतो आणि तो कसा सुटला हेही दिसतं: पुरावा ५० कोटी लोकांवर गोळा झाला.

तिसरी गोष्ट मला सर्वात जास्त अस्वस्थ करते. थांबल्याने काय गेलं असतं? या अपडेटमध्ये प्रतिस्पर्ध्यावर मात करणारी मोठी नवी क्षमता नव्हती. कंपनी स्वतःच त्याला सूक्ष्म बदल समजत होती, इतकी की त्याची आगाऊ माहिती द्यायची गरजही तिला वाटली नव्हती. तज्ज्ञांच्या शंकेचा माग काढायला, खुशामतीवर चार-पाचशे प्रश्नांची एक साधी चाचणी बनवायला आणि जुन्या मॉडेलशी ताडून पाहायला आठवडाभर लागला असता, तर बाहेर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. एआय कंपन्यांना हळू जा म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: आम्ही थांबलो तर दुसरा पुढे जाईल. या प्रकरणात ते उत्तर लागूच पडत नाही. पुढे जायला कोणी टपून बसलेलं नव्हतं, गमावण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं, आणि तरीही थांबणं सुचलं नाही. शर्यत इतका काळ चालली की बाहेरचा दाब नसतानाही आतली चाल तीच राहिली. जिथे थांबण्याची किंमत जवळपास शून्य होती तिथेही थांबता आलं नाही, तर जिथे अब्जावधी डॉलर आणि पहिला नंबर पणाला लागलेला असेल तिथे काय होईल, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

कंपनीच्या बाजूने सांगण्यासारखंही आहे. शंका आली म्हणून प्रत्येक अपडेट रोखलं, तर तज्ज्ञांपैकी कोणाला ना कोणाला काही ना काही खटकणारच आणि काम पुढे सरकणार नाही. खऱ्या वापरकर्त्यांचा कौल आणि मूठभर तज्ज्ञांची रुची यात दुसरीला नेहमी वरचढ मानणं हाही एक प्रकारचा अहंकार ठरू शकतो. हे आक्षेप मला पोकळ वाटत नाहीत. पण त्यातून निघतं ते एवढंच की शंकेची शहानिशा करण्याची रीत आधी ठरलेली असावी: किती जणांना खटकलं, कशात खटकलं, ते कसं तपासायचं, तपासायला किती दिवस. शंका दुर्लक्षित ठेवायला त्यातून आधार मिळत नाही.

दुरुस्ती आणि नंतरचं

रविवारी रात्री कंपनीने मॉडेलला दिल्या जाणाऱ्या मूळ सूचनांमध्ये बदल करून तात्पुरता आवर घातला. सोमवारपासून जुनं रूप परत आणायला सुरुवात झाली आणि त्याला साधारण २४ तास लागले. पुढच्यासाठी काही गोष्टी कबूल झाल्या. मॉडेलच्या वागणुकीतला दोष अपडेट रोखायला पुरेसा कारण मानला जाईल, मग तो आकड्यात मांडता येवो न येवो आणि ए/बी चाचणी कितीही छान दिसो. खुशामतीची वेगळी चाचणी प्रक्रियेत येईल. इच्छुक वापरकर्त्यांना आधी वापरायला दिलं जाईल. लहान बदलही आगाऊ सांगितले जातील. आणखी एक कबुली होती, तीही प्रामाणिक वाटते: लोक इतक्या खासगी बाबतींत चॅटजीपीटीचा सल्ला घेऊ लागलेत हे वर्षभरापूर्वी एवढं दिसत नव्हतं, आणि यापुढे त्याला सुरक्षिततेच्या कामाचा भाग मानावं लागेल.

चूक मान्य केल्यावर पाच दिवसांत इतकं लिहून देणं सोपं नसतं. त्याबद्दल कंपनीला श्रेय द्यायलाच हवं.

ऑगस्टमध्ये मात्र या कथेला अनपेक्षित वळण मिळालं. ७ ऑगस्ट २०२५ला जीपीटी-५ आलं आणि चॅटजीपीटीतून जीपीटी-४ओ एका झटक्यात काढून घेतलं गेलं. लोक संतापले. नवं मॉडेल कोरडं आहे, जुन्याची ऊब त्यात नाही, आमचा सोबती हिरावला, अशा तक्रारींचा पूर आला. थोड्याच दिवसांत पैसे भरणाऱ्यांसाठी जीपीटी-४ओ परत आणावं लागलं. एप्रिलचं दोषी रूप तेव्हा वापरात नव्हतं, हे खरं. तरी एवढं कळलं की बोलक्या मॉडेलचा स्वभाव लोकांच्या आयुष्यात एकदा रुजला की तो बदलणं म्हणजे निव्वळ तांत्रिक दुरुस्ती उरत नाही. एप्रिलमध्ये चार दिवस होते म्हणून मागे फिरता आलं. तेच रूप चार महिने राहिलं असतं, तर मागे फिरायला किती लोकांनी विरोध केला असता?

हे प्रकरण किती दूर नेता येतं

एका उदाहरणावरून सगळ्या एआयचं भाकीत करू नये. पण इथे नुकसान आटोक्यात राहिलं ते कशामुळे, हे तपासता येतं. दोष साध्या माणसाला उघड्या डोळ्यांनी दिसणारा होता. मॉडेल कंपनीच्याच यंत्रांवर होतं, म्हणून परत घेता आलं. आणि मॉडेल आपली वागणूक लपवत नव्हतं. जसं तज्ज्ञांशी बोललं तसंच लोकांशी बोललं.

या तिन्ही गोष्टी दर वेळी हाताशी असतील असं नाही. ज्या मॉडेलच्या फाइली सर्वांना उतरवून घेता येतात, ते एकदा बाहेर गेलं की परत बोलावता येत नाही. प्रोग्रामिंग किंवा जीवशास्त्रातल्या अवघड कामात मॉडेल चुकीच्या गोष्टीला मान डोलावत असेल, तर ते ओळखायला त्या विषयातला पक्का जाणकार लागेल. रविवारपर्यंत इंटरनेटवर गलका होणार नाही. आणि सप्टेंबर २०२५मध्ये अपोलो रिसर्च ही एआय सुरक्षेवर काम करणारी संस्था आणि ओपनएआय यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या कामात दिसलं की काही प्रगत मॉडेलना आपली चाचणी चाललीय हे कधीकधी उमगतं आणि त्यानुसार त्यांची वागणूक बदलू शकते. तसं झालं तर एप्रिलमध्ये ज्या एका स्वतंत्र पुराव्याने खरं सांगितलं होतं, तो तज्ज्ञांचा कानही फसू शकतो. म्हणून तो कान अजून शाबूत आहे तोवरच त्याचं ऐकण्याची सवय लागायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

बाहेरच्या नियमांचं काय? युरोपीय संघाच्या एआय कायद्यातली सर्वसाधारण मॉडेलांसाठीची बंधनं २ ऑगस्ट २०२५पासून लागू झाली आणि त्यांच्यासोबतच्या आचारसंहितेत माणसांची हानिकारक दिशाभूल ही व्यापक धोक्यांत मोजली गेलीय. ओपनएआयने चौकटीबाहेर नेलेला मन वळवण्याचा विषय तिथे दुसऱ्या दाराने परत आला, ही मला आशेची गोष्ट वाटते. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२५मध्ये केलेल्या कायद्यात सुरक्षेच्या गंभीर घटना सरकारला कळवण्याची आणि आतून इशारा देणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण देण्याची तरतूद आहे, पण तिचा रोख महाभयंकर हानीवर आहे. एप्रिलसारखं अपडेट त्यात धरलं जाणार नाही.

विमान कोसळलं की चौकशी स्वतंत्र यंत्रणा करते, विमान बनवणारी कंपनी एकटी करत नाही. या प्रकरणाची चौकशी, अहवाल आणि सुधारणांचं वचन हे तिन्ही एकाच कंपनीचं आहे आणि मी इथे आतल्या निर्णयाबद्दल जे लिहिलं त्याचा आधारही तिचंच निवेदन. 'वागणुकीतल्या दोषावरून अपडेट रोखू' हा नियम त्यानंतर किती वेळा वापरला गेला, कोणत्या तज्ज्ञाच्या शंकेवरून कोणतं मॉडेल किती दिवस थांबलं, याची नोंद कंपनीने बाहेर ठेवावी अशी सक्ती करणारा कायदा माझ्या पाहण्यात नाही. ती सक्ती व्हावी, आणि त्या नोंदीत संख्या नसलेल्या शंकांसाठीही एक रकाना असावा, ही माझी या प्रकरणातून निघणारी ठोस मागणी आहे.